टाकळीचा दात, राजासॉरसचं शिंग

नागपूरच्या टाकळीला आता कुणी माळ म्हणत नाही. शहर तिच्यावरून केव्हाच पुढं सरकलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र इथं उघडा खडक होता आणि स्टीफन हिस्लॉप त्यात शंख-शिंपले, झाडांची पानं-फळं शोधत फिरत. नागपूरकर त्यांना हिस्लॉप कॉलेजमुळं ओळखतात. या स्कॉटिश मिशनऱ्यानं मध्य भारतातल्या जीवाश्मांचा पहिला मोठा संग्रह उभा केला, हे तितकंसं सांगितलं जात नाही. याच टाकळीच्या थरांतला एक दात पुढं लंडनला पोचला. 1890 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्याला 'मॅसोस्पॉन्डिलस' या गटात टाकलं. मॅसोस्पॉन्डिलस हा दक्षिण आफ्रिकेतला डायनोसॉर, आणि आज तो शाकाहारी म्हणून ओळखला जातो.

टाकळीचा दात मात्र शाकाहारी प्राण्याचा नाही. तो चपटा आहे, मांस कापणारा आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी तो मांसाहारी डायनोसॉरांकडे वळवला, बहुधा आबेलिसॉरिड या कुळाकडे. दात तोच, मधल्या काळात त्याच्या अंगावर काहीही नवं उगवलं नाही. बदललं ते भोवतालचं सगळं. अर्जेंटिनात एक कवटी मिळाली, मादागास्करमध्ये दुसरी, गुजरातेत एका टेकडीवर तिसरी, आणि एकट्या दाताला सोयरे मिळाले.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'बदल' हा विषय दिला, तेव्हा मला हा दात आठवला. उत्क्रांतीबद्दल बोलताना आपण माकड ते माणूस हे रांगेतलं चित्र पुढं करतो. प्रत्यक्षात उत्क्रांतीचा पुरावा अशा रांगेत सापडत नाही. तो तुकड्यांत सापडतो आणि तुकडे एकमेकांशेजारी ठेवले की मगच वाचता येतो. भारतातल्या शिकारी डायनोसॉरांइतकं याचं दुसरं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून मी पिसदुऱ्याला गेलो आणि तिथून पुढं गुजरातेत रैयोलीला.

वावरात निघणारे गोटे

महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या काळ्या पाषाणानं झाकलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर थरांमागून थर लाव्हा वाहिला आणि त्याखालची जमीन गाडली गेली. सह्याद्रीत डायनोसॉर का मिळत नाहीत, याचं उत्तर एवढंच. ते ज्या जमिनीवर चालले ती जमीन इथं शेकडो मीटर पाषाणाच्या खाली आहे. लाव्हाचा थर जिथं विरळ होतो, संपतो, त्या काठावर ती डोकं वर काढते. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून भूवैज्ञानिकांनी तिला 'लमेटा' नाव दिलं. चिकणमाती, वाळूचा दगड आणि चुन्याच्या गाठींचे हे थर जबलपूर, नागपूर-चंद्रपूर आणि गुजरातेत खेडा-बालासिनोर अशा तुकड्यातुकड्यांत दिसतात.

पिसदुरा चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात आहे. पऱ्हाटी, सोयाबीन आणि तुरीची वावरं. जमीन लालसर, चिकट, पावसानं चपलेला चार बोटं माती धरावी अशी. ज्यांच्या धुऱ्यावर मी उभा होतो त्या शेतकऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "पाणी पडलं का निघतेच जी हे गोटे. वखर अडकते, मंग आमी उचलून धुऱ्यावर टाकतो. आमच्या बापानं बी टाकले." त्यांनी टाकलेल्या ढिगात साधे दगड होते, चुन्याच्या गाठी होत्या, आणि त्यांत हाडंही होती.

हाड कसं ओळखायचं, हे सोबत आलेल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यानं दाखवलं. मोडलेली कड उन्हात धरायची. दगड आतून एकजीव दिसतो, हाडाला बारीक छिद्रं असतात, कडेला दाट आणि मध्याकडे विरळ. तरीही शंका राहिली तर जुनी युक्ती म्हणजे जिभेचं टोक लावणं. सच्छिद्र हाड ओलावा ओढतं आणि जिभेला चिकटतं. त्यानं तो तुकडा लावून दाखवला आणि परत होता तिथंच ठेवला. आधी जागा नोंदवायची, मग हलवायचं, हा त्याचा नियम होता.

पिसदुऱ्यात सर्वांत जास्त मिळतं ते टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांचं आणि कासवांचं. आणि मिळते दगड झालेली विष्ठा. 2005 मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी या विष्ठेतले सिलिकाचे सूक्ष्म कण तपासले, तर त्यांत निदान पाच प्रकारच्या गवतांच्या खुणा निघाल्या. डायनोसॉरांच्या काळात गवत होतं, हे जगाला वरोरा तालुक्यातल्या मातीनं सांगितलं.

शिकाऱ्यांची हाडं इथं विरळच. याचं कारण निसर्गाच्या हिशेबात आहे. एका शिकाऱ्याला जगायला खूप शाकाहारी लागतात, म्हणून जिवंतपणी ते थोडे आणि मेल्यावर दगड होणारे त्याहून थोडे. त्यांची संपूर्ण हाडांची चौकट मिळणं ही जगभरातच दुर्मीळ गोष्ट. एक दात, एक मणका, जबड्याचा एक कोपरा, बहुतेक वेळा एवढ्यावरच भागवावं लागतं. आणि एवढ्यावर भागवताना काय होतं, ते जबलपूरच्या इतिहासात दिसतं.

बडा शिमला टेकडी

1828 मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या छावणीजवळ काही हाडं मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपण शाळेत ज्यांच्याबद्दल वाचतो, तेच हे स्लीमन. 'डायनोसॉर' हा शब्दच 1842 मध्ये जन्माला आला. म्हणजे नाव नसलेल्या प्राण्याची हाडं भारतात आधीच हाती आली होती.

खरं खोदकाम झालं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुर्गाशंकर भट्टाचार्जी आणि चार्ल्स मॅटली यांनी 1917 ते 1919 मध्ये बडा शिमला टेकडी खणली. तिथं एका पातळ थरात मांसाहारी डायनोसॉरांची हाडं इतकी दाटीनं मिळाली, की मॅटली त्याला 'कार्नोसॉर थर' म्हणू लागले. पण ती सगळी विखुरलेली, एकमेकांत मिसळलेली होती. कुठला मणका कुणाचा, याला काही आधार नव्हता.

मॅटलींनी त्यांतून कंबरेची हाडं, एक पायाचं हाड आणि कातडीवरचे चिलखतासारखे तुकडे एकत्र करून 'लॅमेटासॉरस' हा चिलखती, म्हणजे शाकाहारी डायनोसॉर उभा केला. 1935 मध्ये डी. के. चक्रवर्ती यांनी थेट प्रश्न विचारला, हा प्राणी चिलखती होता तरी का? आज उत्तर माहीत आहे. कंबर शिकाऱ्याची होती, चिलखत टायटॅनोसॉरचं. दोन प्राण्यांचा मिळून एक तिसराच प्राणी तयार झाला होता. मॅटलींना मी यात फारसा दोष देत नाही. पाठीवर हाडाचे तुकडे असलेले टायटॅनोसॉर असू शकतात, हे तोवर नीट उलगडलंच नव्हतं.

1933 मध्ये फ्रीडरिश फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी जबलपूरच्या हाडांवर मोठा ग्रंथ लिहिला. इंडोसॉरस, इंडोसुकस, लेव्हिसुकस, जब्बलपुरिया, कोएल्युरॉइडिस, ड्रिप्टोसॉरॉइडिस अशी शिकाऱ्यांची नावंच नावं. यांतली कित्येक एखाददुसऱ्या मणक्यावर दिलेली. एकाच प्राण्याचा मानेचा मणका आणि शेपटीचा मणका दोन जातींचे म्हणून नोंदले जाण्याची शक्यता उघड होती. आज त्या यादीतली बरीच नावं संशयास्पद मानली जातात.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती इंडोसुकसची फिरती. फॉन ह्यूने यांनी तो उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅलोसॉरसच्या घरात बसवला. 1964 मध्ये अ‍ॅलिक वॉकर यांनी तो उचलून टायरॅनोसॉरांच्या घरात ठेवला. 1978 मध्ये शंकर चटर्जी यांनी न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले जबड्याचे तुकडे अभ्यासले. टी. रेक्सचा शोध ज्यांच्या नावावर आहे त्या बार्नम ब्राऊन यांनी ते 1922 मध्ये जबलपूरहून नेले होते. चटर्जींनाही तो टायरॅनोसॉरच वाटला. प्रत्येकानं आपल्याला ठाऊक असलेल्या मोठ्या शिकाऱ्यांशी ताडून पाहिलं, आणि ठाऊक असलेले सगळे उत्तर गोलार्धातले होते. दक्षिणेकडचे शिकारी तोवर कुणी नीट पाहिलेलेच नव्हते.

पाटागोनियाची किल्ली

1985 मध्ये होसे बोनापार्ते आणि फर्नांदो नोवास यांनी अर्जेंटिनातून 'आबेलिसॉरस' जाहीर केला. हाती फक्त कवटी होती. त्याच वर्षी बोनापार्ते यांनी पाटागोनियातल्या चुबुत प्रांतातला 'कार्नोटॉरस' मांडला. त्याची जवळजवळ संपूर्ण चौकट होती, काही ठिकाणी कातडीचे ठसेही होते. तोंड आखूड आणि उंच. डोळ्यांवर दोन जाड शिंगं. हात इतके खुजे की टी. रेक्सचे हात त्यापुढे लांब म्हणावेत.

एक पूर्ण प्राणी मिळाला की हजार तुकड्यांचं वाचन बदलतं. कार्नोटॉरस आणि आबेलिसॉरस यांच्या कवटीत काही खुणा होत्या ज्या उत्तरेकडच्या शिकाऱ्यांत दिसत नाहीत. चेहऱ्याच्या हाडांवर खाचा-खळगे आणि सुरकुत्या. कवटीचं छत जाड. जबड्याच्या आत, दातांच्या मुळांशी असलेल्या छोट्या पट्ट्या एकमेकींना जुळलेल्या आणि त्यांवर उभ्या रेघा. दाताची मागची कड इतर शिकाऱ्यांसारखी मागं वळलेली नाही, जवळजवळ सरळ. आता हीच यादी हातात घेऊन जबलपूरचे जबडे पाहिले, तर त्यांत त्या खुणा होत्याच. इंडोसुकस टायरॅनोसॉर नव्हता. त्याचे नातलग अर्जेंटिनात होते.

उत्क्रांतीशास्त्र नातं जोडतं ते असंच. दोन प्राण्यांत किती साम्य आहे, हे मोजून भागत नाही. दात दोघांना आहेत, कणा दोघांना आहे, पण तो वारसा फार जुना, सगळ्यांकडे आहे. बघायचं ते नंतर आलेलं, एका शाखेतच उगवलेलं वैशिष्ट्य. जुळलेल्या पट्ट्यांवरच्या त्या रेघा क्षुल्लक दिसतात, पण त्यांनी दोन खंडांतले प्राणी एका घरात आणले.

मादागास्करची कथा याहून नाट्यमय आहे. तिथं 1979 मध्ये कवटीचा एक घुमटासारखा तुकडा वर्णिला गेला आणि तो डोक्यावर घुमट असलेल्या शाकाहारी डायनोसॉरचा ठरला. नाव 'मजुंगाथोलस'. असे घुमटवाले तर उत्तरेकडचे, मग हा दक्षिणेत कसा आला, यावर वर्षानुवर्षे तर्क चालले. 1996 मध्ये डेव्हिड क्राउस यांच्या पथकाला तिथं एक उत्तम टिकलेली कवटी मिळाली, आणि तिच्या कपाळावर तोच घुमट होता. जबड्यात मात्र मांस कापणारे दात होते. 1998 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि दक्षिणेतला घुमटवाला शाकाहारी एका दिवसात नाहीसा झाला. आज तो 'मजुंगासॉरस' या नावानं ओळखला जातो.

टेकडीवरचं मंदिर आणि एक नकाशा

बालासिनोरहून रैयोली जवळ आहे. 1981 च्या सुमारास खेडा जिल्ह्यात सिमेंटच्या चुनखडीच्या खाणीत डायनोसॉरची अंडी ओळखली गेली. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांचं काम या पट्ट्यात तेव्हापासून सुरू झालं. आज रैयोलीत कुंपण घातलेलं जीवाश्म उद्यान आहे, 2019 मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे. बालासिनोरच्या माजी संस्थानिक घराण्यातल्या आलिया सुल्ताना बाबी यांनी या जागेसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. गावातली एक बाई गोल दगडानं मसाला वाटत होती आणि तो दगड अंडं निघाला, ही त्यांची गोष्ट इथं येणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेली असते.

उद्यानात फिरवणाऱ्या वाटाड्यानं एका खडकाशी थांबून बाटलीतलं पाणी ओतलं. कोरडा असताना तो खडक नुसता करडा होता. ओला झाल्याबरोबर त्यात एक लांब पिंगट आकार उमटला, कडेला दाट, आत जाळीदार. मांडीचं हाड. मी गुडघ्यावर बसून पाहत राहिलो. दोन मिनिटांत ऊन लागून खडक वाळला आणि आकार पुन्हा करड्यात विरला. वाटाड्या म्हणाला, "इथं पहिल्यांदा आलेले लोक यावरून चालत जातात."

1982 ते 1984 या काळात सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी इथल्या मंदिराच्या टेकडीवरून हाडं काढली. शेकड्यांनी हाडं, त्यांत टायटॅनोसॉरांची जास्त. पण श्रीवास्तव यांनी एक गोष्ट केली जी जबलपूरला झाली नव्हती. कुठलं हाड कुठं, कुठल्या दिशेनं पडलं होतं, याचा तपशीलवार नकाशा त्यांनी काढला. हाडं सर्वेक्षणाच्या जयपूर कार्यालयात गेली. 2001 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल सेरेनो भारतात आले आणि अशोक साहनी, अशू खोसला, श्रीवास्तव, देवेंद्र भट्ट यांच्यासोबत त्या हाडांवर काम झालं. नकाशावरून दिसलं, की कवटीचा मेंदूभोवतीचा भाग, कण्याचे मणके, कंबर, मागचे पाय आणि शेपूट एकाच प्राण्याचे असावेत. म्हणजे जबलपूरच्या ढिगात जे करता येत नव्हतं, ते रैयोलीत करता आलं. 2003 मध्ये नाव जाहीर झालं: राजासॉरस नर्मदेन्सिस.

त्याची लांबी सुरुवातीला साडेसात ते नऊ मीटर धरली गेली. पुढं दुसऱ्या अभ्यासकांनी ती साडेसहा मीटरच्या आसपास आणली. मला लांबीपेक्षा कपाळ महत्त्वाचं वाटतं. राजासॉरसच्या कपाळावर एकच, बसकं, गोलसर शिंग आहे. संग्रहालयातल्या प्रतिकृतीपुढे उभं राहिलं की सांधा कुठून गेला असेल, ते बोटानं दाखवता येतं. शिंगाचा पुढचा भाग नाकाच्या हाडांचा, मागचा कपाळाच्या हाडांचा. मजुंगासॉरसचा घुमट मुख्यत्वे कपाळाच्या हाडाचा आहे. कार्नोटॉरसची दोन शिंगंही कपाळाच्या हाडांची, पण बाजूंना फुटलेली. तिघांच्या डोक्यावर काहीतरी आहे, पण ते एकाच ठिकाणाहून उगवलेलं नाही. पूर्वजाकडून आलं असावं ते कवटीचं जाड छत. त्या छतावर प्रत्येक शाखेनं आपापल्या परीनं शिंग घडवलं, जोडीदारासाठी असेल, डोक्यानं टक्कर द्यायला असेल. जुना माल आणि नवं बांधकाम एकाच हाडात बघायला मिळावं, असे प्रसंग थोडे असतात.

रैयोलीनं आणखी एक शिकारी दिला. 2010 मध्ये नोवास, चटर्जी, रुद्र आणि दत्त यांनी 'राहिओलीसॉरस' वर्णिला. तोही आबेलिसॉरिडच, पण पायाची हाडं राजासॉरसपेक्षा सडपातळ. एकाच प्रदेशात एक जाडजूड आणि एक सडसडीत शिकारी होता, म्हणजे हे कुळ इथं नुसतं तग धरून नव्हतं, त्याला फांद्या फुटत होत्या.

हात कसे आखूडले

आबेलिसॉरिडांचे हात हा उत्क्रांतीच्या अभ्यासातला सुंदर धडा आहे. कार्नोटॉरसचं कोपराखालचं हाड दंडाच्या पावपट. मजुंगासॉरसच्या मनगटाची हाडं घट्ट झालेलीच नाहीत आणि बोटं म्हणजे लहान गाठी. तरी खांद्याचं पातं रुंद आणि दंडाचं टोक चेंडूसारखं गोल, म्हणजे हात खांद्यात चहूकडे फिरत असावा. अशी विचित्र रचना एका झटक्यात कशी आली असेल?

ती झटक्यात आली नाही. 2012 मध्ये दिएगो पोल आणि ऑलिव्हर राउहुट यांनी चुबुतमधून 'एओआबेलिसॉरस' प्रसिद्ध केला, सुमारे 17 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कार्नोटॉरसच्या कितीतरी आधीचा. त्याचा दंड अजून चांगला लांब आहे. पण कोपराखालचा भाग आणि पंजा आधीच आखूड झालेला आहे, नखं लहान झालेली आहेत. या वंशात हात टोकाकडून खांद्याकडे आखूडत आला, असा याचा अर्थ. आधी पंजा, मग पुढचा हात, दंड सर्वांत शेवटी. एओआबेलिसॉरसची वंशवृक्षातली नेमकी जागा काही अभ्यासक थोडी वेगळी लावतात, पण हात कोणत्या क्रमानं घटला याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

आणि टी. रेक्सचे आखूड हात? ते या घराचे नाहीत. टायरॅनोसॉरांचा जुना नातलग, चीनमधला ग्वानलाँग, लांब हातांचा आणि तीन बोटांचा होता. टी. रेक्सपर्यंत येता येता बोटं दोन राहिली. दोन वेगळी घराणी, दोन वेगळ्या वाटा, निष्पत्ती सारखी दिसणारी. शिकारीचं काम जबड्यानं उचललं की हातांवरचा भार जातो, हे दोन्हीकडे घडलं असावं. वॉकर आणि चटर्जी यांची चूक का झाली, तेही यातून कळतं. सारख्या कामासाठी घडलेले अवयव सारखे दिसतात, आणि नातं नसताना नात्याचा भास होतो.

आबेलिसॉरिड ज्या मोठ्या शाखेत येतात तिच्यातलाच आणखी एक, चीनमधला लिमूसॉरस, तर शिकार सोडून गेला. 2017 मध्ये त्याच्या 19 प्राण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्लांना दात होते, मोठ्यांना नव्हते, त्यांना चोच होती. दात गळून चोच येण्याचा टप्पा एकाच जातीच्या आयुष्यात दिसला. मांसाहारी घराण्यातला प्राणी वाढता वाढता झाडपाला खाणारा होतो, हे दगडात वाचायला मिळालं.

दाताच्या आतल्या रेघा

टाकळीचा दात आणि मजुंगासॉरसचे दात यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर नाही. दोघंही डायनोसॉर युगाच्या अखेरीचे. म्हणून मजुंगासॉरसच्या दातातून कळलेलं आपल्या शिकाऱ्यांबद्दलही काही सांगतं, असं मानायला जागा आहे.

दाताच्या कडेला कापणीच्या विळ्याला असतात तसे बारीक दाते असतात. 2003 मध्ये रेमंड रॉजर्स, डेव्हिड क्राउस आणि क्रिस्टिना करी रॉजर्स यांनी मजुंगासॉरसच्याच हाडांवर दातांचे ओरखडे शोधले. ओरखड्यांतल्या समांतर रेघांमधलं अंतर मोजलं, ते मजुंगासॉरसच्या दातांवरच्या दात्यांशी जुळलं. त्या थरात दुसरा इतका मोठा शिकारी नव्हताच. म्हणजे तो आपल्याच जातीच्या प्राण्यांना खात होता. मारून की मेलेले, ते ओरखडे सांगत नाहीत.

2019 मध्ये मायकेल डी'एमिक आणि सहकाऱ्यांनी दात कापून त्यातल्या दैनंदिन वाढीच्या रेघा मोजल्या. दाताच्या आतल्या भागात रोज एक पातळ थर चढतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मजुंगासॉरस प्रत्येक खोबणीतला दात सुमारे 56 दिवसांनी बदलत होता. अ‍ॅलोसॉरसला त्यासाठी साडेतीन महिन्यांच्या आसपास लागत. दात इतक्या लवकर झिजत असतील, तर तो हाडं कुरतडत असावा. वंशात बदल कसा झाला हे हाडांची तुलना सांगते. तो बदल कशासाठी उपयोगी पडला, हे असे रोजच्या जगण्याचे पुरावे सांगतात.

निघालेलं जहाज

आबेलिसॉरिडांचा पसारा पाहिला की भूगोल उलगडतो. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत हे एकेकाळी गोंडवन या एकाच खंडाचे भाग. गोंडवन हे नावच आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आलेलं. भारत मादागास्करपासून सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे निघाला. राजासॉरस जगला तेव्हा भारत 2 कोटी वर्षांहून अधिक काळ समुद्रात होता. इतक्या एकटेपणात इथले प्राणी अगदी वेगळे व्हायला हवे होते. झाले ते काही अंशी. पण राजासॉरसचा सर्वांत जवळचा नातलग मादागास्करचा मजुंगासॉरस दिसतो. म्हणजे त्यांचा सामाईक पूर्वज जमीन फाटण्याआधीचा असावा आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्यानं आपापला वारसा सोबत नेला. अलीकडे फ्रान्समधून मिळालेला आर्कोव्हेनेटर याच गटाजवळ बसवला गेला आहे. तो तिथं कसा पोचला, यावर अजून वाद आहे.

हरवलेली हाडं

या सगळ्यात माझ्या मनाला सर्वांत लागलं ते हाडं हरवणं. मॅटलींच्या लॅमेटासॉरसची मूळ हाडं आज सापडत नाहीत. जबलपूरच्या संग्रहातलं बरंच काही असंच बेपत्ता आहे. फॉन ह्यूनेंची चित्रं उरली, पण चित्राला नवा प्रश्न विचारता येत नाही. जुळलेल्या पट्ट्या आहेत का, हे 1933 मध्ये कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते चित्रात नीट काढलेलंही नसतं.

सापडल्यावर काय होतं, तेही आपल्याकडेच दिसलं. 1877 मध्ये ज्यावर टायटॅनोसॉरस हे नाव दिलं गेलं, तो शेपटीचा मणका हरवला असंच मानलं जात होतं. 2012 मध्ये धनंजय मोहबे आणि शुभाशीष सेन यांनी तो कोलकात्यात शोधून काढला. मोहबे यांनीच 1980 च्या दशकात गुजरातेत धोळी डुंगरीला काढलेला एक दगड डायनोसॉरच्या पिल्लांचा म्हणून नोंदला होता. 2001 मध्ये विल्सन यांनी तो पाहिला आणि त्यांना सापाचे मणके दिसले. 2010 मध्ये तो 'सनाजेह' साप म्हणून जगापुढे आला, डायनोसॉरच्या घरट्यात वेटोळं घालून असलेला साप. 2025 मध्ये नाव मिळालेला मालेरिरॅप्टर तर प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला 22 कोटी वर्षांपूर्वीचा शिकारी. भारतीय सांख्यिकी संस्थेचे टी. एस. कुट्टी यांचं नाव त्याला दिलं आहे, आणि त्याची हाडं नावाची वाट पाहत दशकं संस्थेतच होती. ती टिकली म्हणून हे शक्य झालं.

2022 च्या डिसेंबरात केंद्रीय खाण मंत्रालयानं भूवारसा स्थळं आणि अवशेषांच्या जतनासाठी कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात सर्वेक्षणाला जे व्यापक अधिकार दिले आहेत, त्यांवर अभ्यासकांत आक्षेप आहेत आणि ते ऐकले जायला हवेत. पण कायदा लवकर व्हायला हवा, याबद्दल मला शंका नाही. पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी शेतकऱ्याला जमीन कसायची आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मोबदला, मान आणि कुणाला फोन करायचा याची माहिती मिळायला हवी. नागपूर-चंद्रपूरच्या भूशास्त्र विभागांना पावसाळ्यानंतर दरवर्षी या वावरांतून फिरण्यासाठी पैसे मिळाले, तर तेवढ्यानंही खूप होईल.

वाचकांनाही एक सांगणं आहे. विदर्भात, विशेषतः वरोरा, चंद्रपूर, नागपूरच्या बाजूला नांगरटीत किंवा विहीर खणताना छिद्रांचा, आतून जाळीदार दगड दिसला, तर तो घरी नेऊ नका आणि विकू तर मुळीच नका. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, गावाचं नाव आणि गट नंबर लिहा, कुठल्या मातीत निघाला तेही लिहा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. जागेची नोंद नसलेलं हाड अर्धं गेलेलंच असतं.